हळदीच्या अंगठ्याची अकरा पानं

आई, हे मी हातानं लिहितेय. अक्षर पार बिघडलंय माझं. दिवसभर की-बोर्ड बडवून बोटांना पेन धरायची सवयच राहिली नाही. पण तुला त्याचं काय? तुला हे कोणीतरी वाचूनच दाखवायला हवं, आणि ते काम करणाऱ्या शेजारच्या काकू अजून इकडेच आहेत, पुलगावला, चांगल्या ठणठणीत. म्हणजे हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायची काही सोय नाही. तरी लिहायला बसले. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि काल दुपारी, चांगली जेवून पंख्याखाली बसलेली असताना, मला घाम फुटला.

झालं काय, की पुण्याहून लेकीचा फोन आला. म्हणाली, "मम्मी, आजीचं ते फुलकोबी आणि शलगमचं लोणचं, गूळ घातलेलं, थंडीत करायची ते. त्याची कृती पाठव ना." मी ऐटीत म्हटलं, "दोन मिनिटं थांब." कॉम्प्युटर उघडला. 'आईच्या पाककृती' नावाची फाइल तशीच आहे अजून, दर नव्या कॉम्प्युटरवर मी आधी तीच चढवते. एकशे त्रेचाळीस पदार्थ, अकारविल्हे. शोधायच्या चौकटीत शलगम टाकलं. काही सापडलं नाही. सलगम टाकलं. फुलकोबी टाकलं, गोबी टाकलं, गोभी टाकलं. काही सापडलं नाही. लेक तिकडे फोनवर ताटकळलेली. शेवटी म्हणाली, "तू तर सगळ्यांना सांगायचीस की आजीचं सगळं यात आहे." मी म्हटलं, नंतर करते फोन. आणि ठेवून दिला.

ते लोणचं फाइलमध्ये का नाही, ते मला बरोबर ठाऊक आहे. ते पान पंजाबी लिपीत होतं म्हणून मी सोडून दिलं होतं.

तुझी वही. बाबांच्या किराणा दुकानातली, लाल कापडी बांधणीची, लांबोळकी. तुझ्या हाताला ती नेहमी तेलकट लागलेली असायची आणि तिला मेथीचा वास यायचा. तू मसाले, लोणची, पापड, सांडगे अशा ऑर्डरी घ्यायचीस, आणि तुझी निम्मी गिऱ्हाइकं लष्कराच्या डेपोच्या क्वार्टरातली. कुठून कुठून आलेल्या त्या बायका! दोन-तीन वर्षं राहायच्या, तुझ्याकडून मसाला न्यायच्या, तुला त्यांच्याकडचं काहीतरी शिकवायच्या आणि बदली झाली की रडत रडत निरोप घ्यायला यायच्या. तेव्हा तू ती वही पुढे करायचीस. "लिखके दो ना भाभी, तुम्हारे हातसे." मग ती बाई ओट्याशी उभी राहून लिहायची, आपल्या लिपीत, आपल्या अक्षरात. एक मद्रासकडची होती, ती तर चार पानं लिहून गेली, तिचं अक्षर म्हणजे नुसत्या जिलब्या. एक बंगालीण होती, मोहरीची चटणी करायची. सरदारजींची बायको, तिचं हे लोणचं. मधूनमधून आपल्याकडच्या बाया, कोणी तुझ्या माहेरची, हिंगणीची मावसबहीण, कोणी काकू. अख्ख्या वहीत तुझ्या हातचं अक्षर एकही नव्हतं, आणि मला, एवढ्या शिकलेल्या मुलीला, ते कधी खटकलं नाही.

मी सातवीत असेन. तू ते जिलब्यांचं पान समोर उघडं ठेवून मिरे भाजत होतीस. मी विचारलं, "आई, तुला मद्रासी वाचता येतं?" तू हसलीस, झारा हलवता हलवता म्हणालीस, "मले साऱ्याच भाषा येते." मी शाळेत जाऊन सांगितलं की माझ्या आईला चार भाषा वाचता येतात. बाई म्हणाल्या, वा! मला अजून तो दिवस आठवला की कान गरम होतात.

प्रत्येक पानाच्या खालच्या अंगाला, समासात, पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या. उभ्या रेघा, टिंबं, एखादी चांदणी, एखादी काडी, गोल, अर्धा गोल. मला वाटायचं लहानपणी मीच गिरबटलंय ते. वही टाइप करायला बसले तेव्हा तुला फोनवर विचारलंही होतं, "खाली हे काय आहे गं? घ्यायचं का?" तू म्हणालीस, "राहू दे थे. थे माहं हाय." मी राहू दिलं. तक्त्यात त्याला रकानाही नव्हता.

खरं सांगते, ते काम मी तुझ्यासाठी केलंच नव्हतं. वर्ध्याला माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलींना एक्सेल शिकवायचं, वर्णानुक्रमे लावायचं कसं, गाळायचं कसं, शोधायचं कसं, त्याला काहीतरी नमुना हवा होता. पुस्तकातले नमुने कंटाळवाणे. म्हटलं, आईची वही आणू. महिनाभरासाठी म्हणून तू दिलीस. कापडात बांधून दिलीस, एसटीत मांडीवर घेऊन बस म्हणालीस. मी महिनाभर खपले, तेही खोटं नाही. पदार्थ, साहित्य, प्रमाण, कृती, असे रकाने केले. सांबार लिहिलं होतं तिथं कोथिंबीर केलं, बाहेरच्या लोकांना कळायला हवं ना! कोणी अंदाजानं लिहिलं होतं तिथं ग्रॅम घातले. जे वाचता आलं नाही ते सोडलं. मग एक बटण दाबलं आणि सगळं अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं उभं राहिलं. क्लासमधल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवाळीला घर आवरताना वही रद्दीत दिली. पानं सुटी झाली होती, झुरळं लागली होती, आणि सगळं तर आत घेतलंच होतं.

मी छापलेल्या पानांची फाइल घेऊन पुलगावला आले तेव्हा तू तिला हात लावायच्या आधी हात धुतलेस, पदराला पुसलेस. चार पानं उलटलीस. "बम साजरं केलं वो बाई," कौतुकानं म्हणालीस. आणि मग, "वही कुठं हाय?"

"वही कशाला आता? खराब झाली होती पार. दिली रद्दीत. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, जळणार नाही, फाटणार नाही. हवं तेव्हा काढून देईन."

"बरं," म्हणालीस. जरा वेळानं, चहा गाळता गाळता, म्हणालीस, "त्याच्यात त्या बायांचे हात होते." मला वाटलं, तू हळवी झालीस. मी म्हटलं, "अगं, अक्षरं काय करायचीत? माहिती महत्त्वाची." असं मी क्लासमध्ये बोलते तशा आवाजात तुला म्हणाले. तू चहात साखर जास्त घातलीस त्या दिवशी.

बारा दिवसांनी मी परत आले तर त्या पांढऱ्याशुभ्र पानांवर हळदीचे अंगठे. एकेका पानाच्या कोपऱ्यात ठसठशीत. एकावर तर भाताच्या खळीनं धण्याचा दाणा चिकटवलेला. खाली पेन्सिलीच्या रेघा, चांदण्या. मी काय भडकले गं! "आई, काय करून ठेवलंस हे? रंगीत छपाईला केवढा खटाटोप पडतो तुला कल्पना आहे का? स्वयंपाकाच्या हातानं कोणी कागद धरतं?" तू उभीच राहिलीस, हातात पळी. म्हणालीस, "खूण केलती." मी म्हटलं, "खूण कशाला? वर एवढ्या मोठ्या अक्षरात नाव आहे, अकारविल्हे लावलंय, लहान पोर शोधून काढेल!" काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं होतं, तू त्यांच्याकडे पाहिलंस, त्यांनी मिटलं. मला हे तेव्हा दिसलं नव्हतं. म्हणजे दिसलं, पण मी रागात होते.

ती खराब पानं टाकून दे, म्हणून तुला बजावलं, आणि नवी छापून आणली. या वेळी एकेक पान लॅमिनेशन करून. तेल सांडो, हळद सांडो, ओल्या फडक्यानं पुसलं की स्वच्छ. मला फार हुशारी वाटली होती स्वतःची. तुझ्या अंगठ्याची खूण त्यावर टिकणार नाही याची मी पक्की व्यवस्था केली, आई. पेन्सिलही उमटत नव्हती.

त्या उन्हाळ्यात तुझा काळा मसाला पहिल्यांदा बिघडला. पाच किलोची ऑर्डर, लग्नघरची. दगडफूल एवढं झालं होतं की रस्सा कडू लागला. त्यांची सून घरी येऊन बोलून गेली, आणि तू घरात होता तेवढा जुना मसाला डबे भरून त्यांना परत दिलास. मी लॅमिनेशनचं पान काढून तुला वाचून दाखवलं, "हे बघ, इथं स्पष्ट लिहिलंय." तू ऐकून घेतलंस. पण त्यात होतं ते काकूंनी लिहिलेलं घरच्या पावशेर मसाल्याचं प्रमाण. तुझं पाच किलोचं माप खालच्या रेघांमध्ये होतं. चांदणी म्हणजे चक्रीफूल, काडी म्हणजे दालचिनी, अर्धा गोल म्हणजे दगडफूल, आणि त्यापुढे जितक्या रेघा तितक्या तुझ्या पितळी वाट्या. हे आज मला कळतं. तेव्हा मी म्हणाले, "आई, वय झालं आता. विसरायला होतं. पुरे झाल्या ऑर्डरी." आणि सगळ्यांना तेच सांगत सुटले. वहिनीला सांगितलं, मावशीला सांगितलं, वर्ध्याला आमच्या नालवाडीतल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तुला आजचा वार विचारला, प्रधानमंत्री कोण विचारलं. तू सगळं बरोबर सांगितलंस आणि बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "विसरतेच म्या आताशा. तुहं खरं हाय." डोक्यानं गेलेली म्हातारी म्हणवून घेणं तुला चाललं. ती दुसरी, खरी गोष्ट कोणाला कळणं चाललं नाही.

मग तू ऑर्डरी बंद केल्यास. खलबत्ता कोणाला तरी देऊन टाकलास. आम्ही आलो की पिठलं, भाकर, वांग्याची भाजी, जे हाताला येतं तेवढंच. लेक लोणचं मागायची, तू म्हणायचीस, "आता नाई जमत माय." दोन वर्षांनी गेलीस.

तेराव्यानंतर काकूंसोबत तुझं स्वयंपाकघर आवरत होते. मी काहीतरी सहज बोलले, की शेवटी शेवटी आईला काहीच आठवेना. काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काय आठवे ना? तिले सारं आठवे. तिले वाचता येत नव्हतं वो. तुले ठाव नाई?" मग त्याच पुढे म्हणाल्या, "दुपारून भांडे घासून झाले का थे कागद घेऊन यायची माह्याकडं. म्हणे, हे कायचं पान हाय थे सांग. म्या सांगितलं का अंगठा हळदीत बुडवून लावे, आन् खाली आपलं लिवत बसे. रोज एकच पान. दुसरं सांगू लागली तं म्हणे, थांब, एक पक्कं होऊ दे. आन् मंग तू आलती तवा, तिच्यावर वरडली." एवढं बोलून त्यांनी पातेलं उचललं आणि घासायला घेतलं. मलाही म्हणाल्या, तो डबा दे इकडं. तो डबा म्हणजे तुझा मसाल्याचा मोठा, पत्र्याचा. आत मसाला नव्हता. जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली ती पानं होती, मी टाकून दे म्हटलेली.

अकरा पानं. अंबाडीच्या भाजीपासून कवठाच्या चटणीपर्यंत. तू माझ्याच क्रमानं निघाली होतीस, पहिल्या पानापासून, रोज एक. बारावं पान काळ्या मसाल्याचं होतं. मी आणखी एक दिवस उशिरा आले असते तर त्यावरही तुझा अंगठा उमटला असता.

बाबांना माहीत असणार. ते रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, ते उगाच नव्हे. माझ्या प्रगतिपुस्तकावर तू सही करायचीस तेव्हा ते आम्हाला बाहेर पिटाळायचे आणि तू एकेक अक्षर चित्रासारखं काढायचीस. पोथी तुला तोंडपाठ होती, पानं तू अंदाजानं उलटायचीस. हिंगणीला तुझ्या लहानपणी शाळा होती, पण तू गुरांमागे जंगलात जायचीस, एवढं तू सांगितलं होतंस, आणि मी ते गमतीची गोष्ट म्हणून ऐकलं होतं. सांगितलं असतंस तर काय झालं असतं गं? मी शिकवलं असतं तुला. मी किती बायांना शिकवलं! पन्नाशीच्या बाया येतात क्लासला, माऊस धरता येत नाही त्यांना, मी त्यांच्या हातावर हात ठेवते. असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आले, की तू सांगितलंच नाहीस, मग मला कसं कळणार? काकूंनी सांगितलं तेव्हाच मला कळलं. लेकीलाही मी हेच सांगितलंय, नवऱ्यालाही. ते म्हणतात, तुझा काय दोष त्यात.

काल फोन ठेवल्यावर मी तो डबा काढला. हो, माझ्याकडेच आहे. अकरा पानं ओट्यावर मांडली. हळद अजून पिवळी आहे, धण्याचा दाणा गळून पडला आहे. त्यात ओल्या हळदीचं लोणचं होतं. म्हटलं, शलगमचं नाही तर हे तरी करावं, लेकीला पाठवावं. छापलेलं वाचायचं नाही असं ठरवलं. फक्त तुझ्या खुणा बघून केलं. तीन रेघा, एक गोल, दोन टिंबं. एक खूण कळेना, छोटं वाटोळं आणि त्याला शेपूट. पुष्कळ वेळ बघत बसले, ओट्यापाशी, एकेक बरणी उचलून त्या खुणेशी लावून बघत. मेथी नाही, मोहरी नाही. सगळ्यांना येतं आणि आपल्यालाच येत नाही, असं वाटत राहिलं. कामवाली विचारत होती, "काय शोधून राह्यले ताई?" मी म्हटलं, काही नाही. तिला सांगायची लाज वाटली. शेवटी ते लिंबू निघालं, देठासकट. लोणचं बरं झालंय. तुझ्यासारखं नाही, पण बरं झालंय.

आणि आता ते सांगते, जे सांगायला म्हणून बसले आणि एवढी पानं टाळत आले.

लॅमिनेशन झालं त्याच महिन्यात माझ्या क्लासमधल्या बाया नालवाडीला जेवायला आल्या होत्या. तूही आली होतीस, पुरणपोळ्या तुझ्याच हातच्या. जेवणं झाल्यावर मी तो चकचकीत गठ्ठा आणला, मिरवायला. एकीनं आंब्याच्या लोणच्याबद्दल विचारलं. मी गठ्ठा तुझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, दाखव ना त्यांना लोणच्याचं पान." तू गठ्ठा घेतलास. पहिलं पान उलटलंस, दुसरं, तिसरं. आंब्याचं लोणचं पाचवं होतं. तू त्याच्यावरून पुढे गेलीस. सावकाश, एकेक पान, बोट फिरवत, गठ्ठा संपेपर्यंत. मग तू वर बघून हसलीस आणि म्हणालीस, "चष्मा नाई आणला वो बाई. पुलगावलेच राह्यला." मी गठ्ठा तुझ्या हातातून घेतला, पान काढून दाखवलं, आणि त्यांना हसत म्हणाले, "आईला आताशा विसरायला होतं."

चष्मा तुझ्या गळ्यात होता, आई. काळ्या दोऱ्यात अडकवलेला. तू तो सकाळी डाळ निवडायला लावला होतास. मी पाहिला होता.